दोन आकड्यांमधला क्षार

देवगडला भाच्याच्या कलमांत फवारणी चालली होती. कणी वाटाण्याएवढी झाली की तिकडे बरेच बागायतदार १३:०:४५ हे खत पाण्यात एक टक्का मिसळून मारतात. फळगळ कमी व्हावी म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचीही तशी शिफारस आहे. दोनशे लिटरच्या पिंपाला दोन किलो. थेट पिंपात टाकलं तर ते तळाशी बसतं, म्हणून गडी आधी बादलीत आठ-नऊ लिटर पाणी घेऊन त्यात काठीनं घोळवतो आणि मग ओततो. मी आपला गडग्यावर बसून बघत होतो. भाचा म्हणाला, "मामा, जरा बादलीला हात लावून बघ." बादली बाहेरून ओली होती. गळत नव्हती, लग्नातल्या पन्ह्याच्या पेल्यासारखी तिला घाम फुटला होता. पाणी विहिरीचं, बर्फाचा कुठे पत्ता नाही. "खतात भेसळ तर नाही ना रे?" ही त्याची शंका.

भेसळ नव्हती. (युरियाही पाणी गार करतो, तेव्हा नुसत्या गारव्यावरून खत अस्सल ठरवू नये, हे जाता जाता.) १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पिशवीवरच्या तेरात त्याचा नायट्रोजन आणि पंचेचाळिसात खतवाल्यांच्या हिशेबाचं पालाश. जुन्या माणसांच्या भाषेत हाच सोरा. माझी तीसएक वर्षं भोसरीत याच क्षाराच्या भट्टीपाशी गेली. तिथे तो चारशे अंश सेल्सिअसला रसरसत असायचा. हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या दहा फुटांत जायची आमची छाती नव्हती. आणि इथे तोच क्षार प्लास्टिकच्या बादलीत गारठा पाडत होता. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याला आपण एकाच अंगानं ओळखतो, हे त्या गडग्यावर बसून ध्यानात आलं. या पुस्तकाची सुरुवात तिथली.

पुस्तकाचा विषय तसा थोडक्यात सांगता येतो. प्रत्येक नायट्रेट क्षाराला दोन आकडे असतात, एक वितळण्याचा आणि एक मोडण्याचा. वितळतो तेव्हा तो तोच राहतो, फक्त पातळ होतो. मोडतो तेव्हा त्यातला ऑक्सिजन सुटतो आणि मागे दुसराच पदार्थ उरतो. माणसानं या क्षारांकडून जी कामं करून घेतली ती बहुतेक या दोन आकड्यांच्या मध्ये राहून, किंवा मग दुसरा आकडा मुद्दाम ओलांडून. आणि जे अपघात झाले ते आकडा कुठे आहे याचं भान सुटल्यामुळे. बादलीतली गोष्ट मात्र पहिल्या आकड्याच्याही पुष्कळ अलीकडची, म्हणून तिथूनच निघू.

स्फटिकात धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून बसलेले असतात. त्यांना सोडवायचं तर ऊर्जा मोजावी लागते. सुटलेल्या आयनांना पाण्याचे रेणू येऊन बिलगतात, तेव्हा काही ऊर्जा परत मिळते. पोटॅशियम आणि नायट्रेट हे दोन्ही आयन अंगानं मोठे आणि भार जेमतेम एकेक, त्यामुळे पाणी त्यांना सैलच बिलगतं. मिळकत खर्चाला पुरत नाही. तूट भरून निघते ती पाण्याच्याच उष्णतेतून, आणि पाणी गार होतं. ही तूट लहानसहान नाही. भरपूर पाण्यात एक किलो सोरा विरघळला तर तो सुमारे ३४५ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे हिशेबापुरतं बोलायचं तर भाच्याच्या बादलीत दोन किलो बर्फच पडला होता.

हे आपल्याकडे नवं नाही. अकबराच्या आबदारखान्याची हकिगत अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे. पिण्याच्या पाण्याची तोंड बांधलेली सुरई सोऱ्याच्या पाण्यात ठेवून काही वेळ हलवत राहायचं, की आतलं पाणी गार. तोफेत आग ओकणारी वस्तू बादशहाची तहान भागवते, या गमतीकडे त्याचंही लक्ष गेलं होतं. पुढे दरबार लाहोरला गेला, उत्तरेच्या डोंगरांतलं बर्फ यायला लागलं आणि सोऱ्याची गरज कमी झाली. मला यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. वापरलेलं पाणी आटवलं की सोरा जसाच्या तसा परत मिळतो. आज त्यानं उष्णता ओढून घेतली. उद्या ते पाणी उन्हात आटवा, पुन्हा कामाला तयार. ऊन साठवून ठेवायचं आणि हवं तेव्हा त्याच्याकडून काम घ्यायचं, ही कल्पना या क्षारात तेव्हापासूनच दडलेली होती. तिच्याकडे पुढे पुन्हा यायचंच आहे.

सोरा येतो कुठून? जुन्या वाड्याच्या ओल धरलेल्या भिंतीला लोणा लागतो, तो पांढरा, जिभेला गारसर लागणारा थर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात पुष्कळदा नायट्रेट असतं. गुरांचं मूत आणि शेण मातीत मुरतं, त्यातल्या अमोनियाचं मातीतले जिवाणू टप्प्याटप्प्यानं नायट्रेट करतात, आणि पावसाळा संपून जमीन वाळू लागली की ओलीबरोबर ते वर चढून पृष्ठभागावर फुलतं. बिहारमध्ये ही माती खरवडून सोरा काढणं हा नोनिया जातीचा पिढीजात धंदा होता. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपच्या तोफा मोठ्या प्रमाणावर त्या सोऱ्यावर चालल्या. पाटण्याला इंग्रजांची आणि छपऱ्याला डचांची वखार असायचं हेही एक कारण. बंदुकीच्या दारूत वजनानं तीन चतुर्थांश सोराच असतो.

नोनियांनी कोणतं पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण विद्राव्यतेचा आलेख त्यांच्या हातात होता. मातीतून निथळलेल्या पाण्यात सोऱ्याबरोबर साधं मीठही येतं. शंभर अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सोरा विरघळतो २४५ ग्रॅमच्या आसपास, आणि मीठ फक्त ३९ ग्रॅम. तेच पाणी वीस अंशांवर आणलं तर सोरा राहतो जेमतेम ३२ ग्रॅम, मीठ मात्र ३६. मिठाला थंडी-उन्हाचं काही वाटत नाही, सोऱ्याला फार वाटतं. म्हणून पाणी उकळून आटवत नेलं की कढईच्या तळाशी आधी मीठ बसतं, ते झाऱ्यानं काढून टाकायचं. राहिलेलं पाणी पसरट भांड्यात निवायला ठेवलं की रातोरात सोऱ्याच्या लांब सुया उभ्या राहतात. हा शुद्ध केलेला तो 'कलमी शोरा'. आंब्याच्या कलमाशी त्याचा संबंध नाही, तरी देवगडात बसून हा शब्द आठवला की हसू येतंच.

आता थोडं आत डोकावायला हवं. नायट्रेट आयन म्हणजे मध्ये एक नायट्रोजन आणि भोवती सारख्या अंतरावर तीन ऑक्सिजन, चौघेही एकाच पातळीत. चपटी तीनपाती भिंगरी म्हणा. या चपटेपणातून पुढचं बरंचसं निघतं. सोडियम नायट्रेटमध्ये या भिंगऱ्या ज्या रचनेत बसतात ती कॅल्साइटची, म्हणजे संगमरवरातल्या खनिजाची. पोटॅशियमचा आयन मोठा, त्याला ती जागा पुरत नाही. तो साध्या तापमानाला बसतो अॅरागोनाइटच्या, म्हणजे शिंपल्या-मोत्यातल्या खनिजाच्या रचनेत. एकाच चुनखडीच्या दोन भावंडांसारखे हे दोन क्षार वागतात. तापवत गेलं की वितळायच्या बऱ्याच आधी भिंगऱ्या जागच्या जागी डळमळायला, उलटसुलट व्हायला लागतात. सोऱ्यात हे १२८ अंशांच्या सुमारास होतं, सोडियम नायट्रेटमध्ये २७५ च्या सुमारास. बाहेरून काही दिसत नाही, पण उष्णतामापकावर तापमान रेंगाळतं. आत काहीतरी खर्च होत असतं. सोऱ्याची आणखी एक खोड अशी की निवताना तो आल्या वाटेनं परत जात नाही. साधारण १२४ ते ११० अंशांच्या टप्प्यात तो एका तिसऱ्याच रूपात थांबतो आणि तेवढ्यापुरता त्याला विजेचा कल येतो, ज्याला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. भोसरीत वितळलेल्या क्षाराच्या ज्या बाथमधून मी रोज जॉब काढत होतो, त्याच क्षारात हे चाललेलं असतं हे मला निवृत्तीनंतर कळलं, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

घन अवस्थेतल्या या हालचाली पुस्तकी वाटत असतील तर अमोनियम नायट्रेटचं उदाहरण घ्या. त्याचे असे बदल अनेक, आणि त्यातला एक नेमका ३२ अंशांवर. नागपूर-चंद्रपूरकडे वर्षातले कितीतरी महिने असे असतात की पहाटे पारा ३२ च्या खाली आणि दुपारी वर. गोदामातला प्रत्येक दाणा रोज एकदा फुगतो, एकदा आकसतो. फुगणं साडेतीन-चार टक्क्यांचं, पण रोजचं. काही आठवड्यांत टणक दाण्यांचा भुगा होतो, त्यात हवेतली ओल शिरते, आणि पोत्याची एकसंध शिळा होते. कोळसाखाणींच्या सुरुंगांना हाच क्षार लागतो, म्हणून त्यात दुसरे क्षार थोडे मिसळून तो ३२ चा आकडा बाजूला सरकवायची युक्ती करतात. देशातल्या स्फोटक पदार्थांवर देखरेख करणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरातच आहे. २०१२ पासून अमोनियम नायट्रेटला स्वतंत्र नियमावली आहे आणि त्यात साठवणुकीवर बराच भर आहे. तो का, हे शिळा फोडायची वेळ येते तेव्हा कळतं.

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी ओप्पाऊ इथं ती वेळ आली होती. हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणारा हाबर-बॉश पद्धतीचा पहिला मोठा कारखाना इथेच १९१३ साली सुरू झाला. तिथे अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रखताचा डोंगर कोठारात घट्ट बसायचा, आणि तो मोकळा करायला डायनामाइटचे छोटे बार लावायचा प्रघात पडला होता. आधी हजारो वेळा काही झालं नव्हतं. २१ सप्टेंबर १९२१ रोजी झालं. पाचशेहून अधिक माणसं गेली. अमोनियम नायट्रेटचा तसाच स्फोट टेक्सास सिटीच्या बंदरात १९४७ साली झाला, आणि बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी, २,७५० टनांचा. बैरूतच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. रसायन तेवढं सांगतो. सोऱ्यात जळणारं असं काही नसतं. तो दुसऱ्याच्या जळण्याला ऑक्सिजन पुरवतो. अमोनियम नायट्रेटमध्ये अमोनियम हे जळण आणि नायट्रेट हा ऑक्सिजन, दोघे एकाच घरात नांदतात. तो १७० अंशांना वितळतो आणि २०० च्या पलीकडे मोडायला लागतो, तेव्हा उष्णता घेत नाही, देतो. त्याच्या दोन आकड्यांमधली पट्टी अरुंद आणि पलीकडे उतार. उष्णता साठवण्याच्या कामाला म्हणून त्याला कोणी हात लावत नाही.

सोडियम आणि पोटॅशियमची पट्टी रुंद आहे. का, ते शाळेच्या प्रयोगशाळेतच दिसतं. लेड नायट्रेट परीक्षानळीत तापवलं की आधी तडतड, मग तपकिरी धूर आणि नळीत पिवळा लेड ऑक्साइड. आमचे मास्तर तो धूर खिडकीबाहेर घालवायला पुठ्ठा हलवत राहायचे. कॉपर नायट्रेटही असंच, मागे काळं ऑक्साइड. ज्या धातूच्या आयनाचा भार जास्त, तो शेजारच्या नायट्रेटच्या इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो, भिंगरी वाकडी करतो आणि ती लवकर मोडते. सोडियम-पोटॅशियम एकेरी भाराचे, सुस्त. ते नायट्रेटला फारसं छळत नाहीत. त्यामुळे तापवल्यावर ते आधी शांतपणे वितळतात, आणि पुढे कधीतरी तीनपैकी एक ऑक्सिजन सोडून नायट्राइट होतात. एक किलो सोरा पूर्ण नायट्राइट झाला तर दीडशे ग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन सुटतो, म्हणजे साध्या हवेच्या दाबाला शंभर लिटरच्या वर. हे देणंघेणं उलटही फिरतं. वर हवा असली तर नायट्राइट तो ऑक्सिजन परत उचलतं. सहाशे अंशांच्या पुढे मात्र नायट्राइटही मोडतं, मागे ऑक्साइड राहतं, आणि ते पोलाद खातं.

इथे भोसरी आलीच पाहिजे. आमच्याकडे स्प्रिंगच्या पट्ट्या, वॉशर, क्लिपा यांच्यावर ऑस्टेम्परिंग ही हीट ट्रीटमेंट व्हायची. साडेआठशे अंशांवर लाल झालेला जॉब उचलायचा आणि साडेतीनशे-चारशेच्या सॉल्ट बाथमध्ये बुडवायचा. पाण्यात किंवा तेलात बुडवला तर जॉबभोवती वाफेची गादी तयार होते. कुठे लवकर निवतो, कुठे उशिरा, आणि पट्टी वाकते. वितळलेला क्षार त्या तापमानाला उकळतच नाही, त्यामुळे गादी नाही. सगळीकडून सारखा धरतो. आमच्या बाथमध्ये पोटॅशियम नायट्रेट, सोडियम नायट्राइट आणि थोडं सोडियम नायट्रेट असायचं. ५३, ४० आणि ७ अशा प्रमाणातलं हे मिश्रण १४२ अंशांनाच वितळतं. वितळलेलं असताना ते किती साधं दिसतं हे लोकांना खरं वाटत नाही. किंचित पिवळसर, नितळ, तळाचं बूड दिसेल इतकं स्वच्छ, आणि पाण्यासारखं पातळ. वाफ नाही, वास नाही. नवीन पोरगा कामावर आला की त्याला पहिल्यांदा हेच सांगावं लागायचं, की बाबा रे, हे पाणी नाही.

पाणी हाच खरा शत्रू. एका पावसाळ्यात पत्र्यातून गळलेलं पाणी फिक्स्चरच्या पोकळ नळीत साचलं होतं. कोणी पाहिलं नाही. फिक्स्चर बाथमध्ये गेलं आणि नळीतल्या अर्ध्या वाटी पाण्याची एका क्षणात वाफ झाली. पाण्याची वाफ होताना ते सतराशे पटींनी फुगतं, चारशे अंशांवर त्याहूनही जास्त. कारंजं छपराला लागलं. बाथवरचे आमचे मिस्त्री दोन पावलं मागे होते म्हणून निभावलं. तरी मनगटावर चार थेंब पडले आणि कातडीवरच पांढरे होऊन गोठले. ते डाग त्यांनी नंतर प्रत्येक नव्या पोराला दाखवले. दुसरा नियम त्याहून कडक: शेजारच्या सायनाइडच्या बाथमधला जॉब थेट नायट्रेटमध्ये न्यायचा नाही, आणि बाथमध्ये कोळसा, तेलकट चिंधी, लाकूड काही पडू द्यायचं नाही. सायनाइड असो की कोळसा, दोन्ही ऑक्सिजनचे भुकेले, आणि बाथ म्हणजे वितळलेला ऑक्सिजनच. थर्मोकपल बिघडून तापमान आपोआप चढत गेलं तर ते पाचशे-साडेपाचशेच्या पुढे जाऊ नये म्हणून दुसरा, स्वतंत्र थर्मोकपल. मालकांना तो खर्च नेहमी अनाठायी वाटायचा.

मिश्रण एवढ्या खाली का वितळतं, हा प्रश्न मला पोरं विचारायची. हापूसच्या पेटीत एकाच मापाची फळं गच्च बसतात. लहानमोठी मिसळली की रचना ढिली होते, पेटी हलवली की सगळं सरकतं. सोडियम नायट्रेट एकटं ३०८ अंशांना वितळतं, सोरा ३३४ ला. आयन मोजून निम्मेनिम्म मिसळले तर २२२ च्या आसपास. घन रचना दोघांनाही अवघड होते, द्रवाला मात्र मिसळीचा त्रास नाही.

आता ऊन साठवायच्या ज्या कल्पनेकडे परत येतो म्हटलं होतं ती. चिलीच्या उत्तरेला अटाकामाचं वाळवंट आहे. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून पाण्यात लगेच विरघळणारं सोडियम नायट्रेट तिथे 'कालिचे' नावाच्या थरांत जमिनीवरच साचून राहिलं. जगात इतरत्र ते केव्हाच वाहून गेलं असतं. या पांढऱ्या मातीसाठी १८७९ ते १८८४ चिलीनं पेरू आणि बोलिव्हिया यांच्याशी युद्ध केलं आणि ती भूमी जिंकली. शेतांना खत आणि कारखान्यांना स्फोटकं, दोन्ही तिथून जायचं. मग ओप्पाऊच्या कारखान्यानं हवेतून नायट्रोजन काढायला सुरुवात केली आणि अटाकामातली गावं ओस पडली. हंबरस्टोन आणि सांता लॉरा ही त्यातली दोन २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गंजलेले पत्रे, रिकामं नाट्यगृह आणि वारा.

त्या नायट्रेटला दुसरं आयुष्य उन्हानं दिलं. आरशांनी ऊन एकवटून वीज करायची तर सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न आहेच. उष्णता साठवायला पाणी वापरलं तर तीनशे अंशांना त्याचा दाब भांडं फोडेल. खनिज तेल महाग, शिवाय पेटतं. साठ टक्के सोडियम नायट्रेट आणि चाळीस टक्के सोरा या मिश्रणाला त्या धंद्यात 'सोलर सॉल्ट' म्हणतात. सर्वांत खाली वितळणारं प्रमाण हे नव्हे, ते थोडं वर, २४० च्या आसपास पूर्ण वितळतं. पण सोडियमचा क्षार स्वस्त, म्हणून साठ. ते २९० पासून ५६५ अंशांपर्यंत बिनदाबाच्या टाकीत उभं राहतं, पेटत नाही, आणि वरच्या टोकाला जवळजवळ पाण्याइतकंच पातळ वाहतं. विशिष्ट उष्मा पाण्याच्या तिसऱ्या भागाहून थोडा जास्त, किलोला अंशामागे दीड किलोज्यूल. फार नाही. पण पावणेतीनशे अंशांची मोकळीक मिळाली की एका टनात ११५ युनिटांएवढी उष्णता मावते, आणि टाक्या हजारो टनांच्या असतात. इथे क्षार वितळण्याच्या अप्रकट उष्म्याचा उपयोग होत नाही हे नीट लक्षात घ्यावं, कारण वर्तमानपत्रांत हमखास उलटं छापून येतं. क्षार द्रवच राहतो, फक्त कमी-जास्त गरम होतो.

स्पेनमध्ये ग्रनादाजवळ गुआदिशच्या पठारावर २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या आंदासोल केंद्रात असा २८,५०० टन क्षार दोन टाक्यांत आहे. तो ५० मेगावॅटचं यंत्र साडेसात तास चालवतो. तिथे आरशांच्या पन्हाळीतून तेल फिरतं, आणि ते तेल चारशेच्या वर टिकत नाही म्हणून क्षारालाही ३८६ ला थांबावं लागतं. सेव्हिलजवळच्या हेमासोलार केंद्रात २०११ पासून मनोऱ्यावर थेट क्षारच तापवतात, ५६५ पर्यंत. पंधरा तासांचा साठा, त्यामुळे उन्हाळ्यात ते दिवसरात्र चालतं. सगळीकडे असं साधलं नाही. नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सची गरम टाकी २०१६ साली गळाली आणि केंद्र महिनोन् महिने बंद पडलं. आपल्याकडे राजस्थानात नोख इथं २०१३ साली ५० मेगावॅटचं आरशांचं केंद्र सुरू झालं, पण त्यात क्षाराच्या टाक्या नाहीत. दिवस मावळला की तेही थांबतं.

मला सर्वांत आवडणारं केंद्र चिलीतलं. मारिया एलेना हा अटाकामातला नायट्रेटच्या खाणींचाच मुलूख. तिथे २०२१ साली सेरो दोमिनादोर हे ११० मेगावॅटचं, साडेसतरा तासांच्या साठ्याचं केंद्र सुरू झालं. ज्या कोरडेपणामुळे ते नायट्रेट तिथे साचून राहिलं, त्याच कोरडेपणामुळे तिथलं आकाश एवढं स्वच्छ, की आरसे लावावेत तर तिथेच.

पुढच्या प्रकरणांत आकडेमोड आहे, तक्ते आहेत, आणि हीट ट्रीटमेंटच्या मुलांना कामी येतील अशा काही सूचना आहेत. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये. अमोनियम नायट्रेटवरचं प्रकरण मुद्दाम आखूड ठेवलं आहे. कृती मागायला येणाऱ्यानं पुस्तक दुकानातच ठेवावं. इंग्रजी शब्द जिथे शॉपवर रुळलेले आहेत तिथे तेच ठेवले, कारण 'लवणकुंड' म्हटलं असतं तर मिस्त्रींनी पुस्तक उघडलंच नसतं.

त्यांनी शिकवलेलं एक काम मात्र कुठल्याच प्रकरणात बसेना, म्हणून इथे सांगतो. शनिवारी संध्याकाळी बाथ बंद करायची वेळ आली की क्षार गोठायच्या आधी ते एक जाड, खाली निमुळती पोलादी सळई मधोमध उभी सोडायचे. सोमवारी सकाळी बाथ पांढऱ्या दगडासारखा असायचा. भट्टी चालू केली की क्षार खालून आणि कडेनं आधी वितळतो, वितळताना पसरतो, आणि वरचं झाकण घट्टच असतं. जायला वाट नसेल तर ते झाकण फोडून उसळतो. मिस्त्री हातोडीचे दोन टोले देऊन सळई सैल करायचे, पिळून वर ओढायचे, आणि त्या भोकाकडे बघत चहा प्यायचे. भोकातून पहिला नितळ थेंब वर आला की कप खाली ठेवायचे.